कागदावर न उमटलेल्या सळ्या

साइटवरची माणसं तिला मिलिमीटर बाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. गवंडी फुटांत बोलायचे, सुतार इंच-सुतांत बोलायचे, घरमालक तर दोन्ही हात पसरून "एवढं" म्हणायचे, आणि ही बाई फोनवरून प्रत्येकाला मिलिमीटर विचारायची. घरांचे नकाशे काढणं हे तिचं काम. इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात खिडकीलगतच्या टेबलावर बसून ती वर्षानुवर्षं तेच करत आली होती.

ती कामाला लागली तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर नव्हता. तिरक्या पाटावर ट्रेसिंग पेपर ताणून शाईच्या पेनांनी रेघा ओढायच्या, आणि चुकलेली रेघ ब्लेडनं अलगद खरवडून काढायची. खरवडताना कागद फाटला की नकाशा पहिल्यापासून. त्यामुळे हात जपून चालायचा. मग एके दिवशी पाट भंगारात गेले आणि टेबलावर कॉम्प्युटर आला. पहिले काही महिने ती रोज रडकुंडीला यायची. दिवसभराचं काम एका चुकीच्या बटणासरशी गडप व्हायचं. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून बिघडलं की का बिघडलं ते शोधत बसायची तिला सवय लागली. त्या सवयीनंच पुढे तिचं नाव झालं. ओळखीतल्या कोणाचाही नकाशा अडला की फोन हिला. फाइल उघडत नाही? शेजारी तिची राखीव प्रत असते, तिचं नाव बदलून उघड. खोली भलतीच मोठी दिसते? आधी माप कशात आहे ते बघ. भिंतींचे कोपरे जुळत नाहीत? डोळ्यांच्या अंदाजानं जोडू नकोस, टोकाला टोक पकडायची सोय चालू कर. खोकल्याला काढा सांगावा तसं ती हे सगळं सांगायची, तेही हातातलं काम न थांबवता.

तिची सगळ्यात चिवट रुग्ण म्हणजे तिची धाकटी बहीण. बहिणीनं एका जुन्या घराचा वरचा मजला घेतला होता आणि तो आपल्या मनासारखा करून घ्यायचा, तोही स्वतः नकाशा काढून, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. घरच्या कॉम्प्युटरवर तिनं घर सजवण्याचा एक सोपा प्रोग्रॅम घातला आणि ताईच्या मागे हात धुऊन लागली. एकदा तिचं छप्परच नाहीसं झालं. एकदा न्हाणीघराचं दार उघडलं की थेट कमोडवर आदळायला लागलं. एकदा तर पलंग एवढा मोठा आला की त्याच्यावर अख्खं बिऱ्हाड मावलं असतं. ताई वैतागायची, पण फोन उचलायची.

त्या सकाळी बहिणीचा फोन आला तेव्हा ताई एका शाळेच्या कुंपणाची भिंत काढत होती. साहेब दुसऱ्या गावी एका सुनावणीला गेले होते. ऑफिसात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"ताई, सोफा दिसतोय, कपाट दिसतंय, सगळं जागच्या जागी आहे," बहीण म्हणाली. "पण प्रिंट काढली की खोली रिकामी. तीनदा काढून बघितली."

"लेयर बघ," ताई भिंत काढता काढता म्हणाली. नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद असतात, हे तिनं बहिणीला पूर्वीच समजावलं होतं. भिंतींचा एक, दारांचा एक, सामानाचा एक. "त्यातला एखादा लेयर फक्त मदतीच्या रेघांसाठी असतो. त्याच्यावर काढलेलं पडद्यावर दिसतं, पण कागदावर कधीच येत नाही. तू चुकून त्याच्यावरच..."

आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं.

पलीकडून बहीण हॅलो हॅलो करत होती. ताईनं नंतर बोलते एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

शिंप्याचं घर. त्याचे नकाशे तिनंच काढले होते आणि बांधकाम चालू होतं. त्या घराच्या वरच्या मजल्याला रस्त्याच्या अंगाला गॅलरी होती, खाली एकही खांब नसलेली, भिंतीतून नुसती पुढे आलेली. उजेडात शिवणाची मशीन मांडून बसता यावं म्हणून शिंपीकाकांनी ऐन वेळी ती रुंद करून मागितली होती. साहेबांनी नवा हिशोब करून दिला आणि ताईनं घाईघाईत गॅलरीच्या सळ्या नव्यानं काढल्या. काढण्याआधी तिनं अंतरं घेण्यासाठी मदतीच्या रेघा मारल्या होत्या. रेघा मारून झाल्यावर तिनं लेयर बदलला होता का? तिला आठवेना. बदललाच असणार, नेहमी बदलते. पण आठवत नव्हतं, एवढं खरं.

तिनं फाइल उघडली. गॅलरी जशी हवी तशी दिसत होती. वरच्या अंगाच्या जाड सळ्या गॅलरीच्या कडेपासून निघून खोलीच्या आत लांबवर गेलेल्या. तिनं एका सळीवर टिचकी मारली आणि बाजूला उघडलेल्या चौकटीत लेयरचं नाव वाचलं. मदतीच्या रेघांचा लेयर. मग छापण्याआधी कागद कसा दिसेल ते उघडून पाहिलं. खालच्या अंगाच्या बारीक सळ्या होत्या. वरची एकही नव्हती.

अशा गॅलरीचं सगळं वजन तिला पुढे खाली ओढत असतं, म्हणून ताण येतो तो वरच्या अंगाला. वरच्या सळ्या म्हणजे गॅलरीला घराशी धरून ठेवणारे हात. ते हातच कागदावर नव्हते. तो कागद साइटवर गेला होता, आणि स्लॅब त्याच दिवशी सकाळी ओतायचा होता.

तिनं साइटवरच्या सुपरवायझरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, पुन्हा तेच. मिक्सर चालू असला की खिशातला फोन ऐकू येत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे मिक्सर चालू होता. साहेबांचा फोन बंद. तिनं त्यांना निरोप लिहून पाठवला, सळ्यांसकट नवी प्रिंट काढली, ती नीट बघितली, पुन्हा बघितली, आणि ऑफिसला कुलूप लावून स्कूटर काढली.

रस्ताभर ती स्वतःशी एकच हिशोब करत होती. ओतायला सुरुवात मागच्या, जिन्याच्या अंगानं होते, गॅलरी शेवटी येते. पण वरच्या सळ्या नुसत्या गॅलरीत घालून भागत नाही, त्या पुढच्या खोलीत आतपर्यंत जाव्या लागतात. म्हणजे पुढची खोली भरली की सगळं संपलं. फाटकापाशी रेल्वेगाडी गेली तेवढा वेळही तिला काढवेना.

साइटवर पोचली तेव्हा मिक्सरची घरघर गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होती. खाली शिंपीकाका हात मागे बांधून वर बघत उभे होते. त्यांना नमस्कार करायचंही तिला भान राहिलं नाही. ती थेट शिडीवरून वर गेली.

मागची खोली भरून झाली होती. मधल्या खोलीत काँक्रीट निम्म्यावर आलं होतं. पुढची खोली अजून मोकळी होती. सळ्यांची जाळी उन्हात तापत होती. सुपरवायझर कडेला उभा राहून बायामाणसांच्या हातातली घमेली पुढे सरकवत होता.

ताईनं त्याला काम थांबवायला सांगितलं आणि का ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, घाम पुसला, आणि म्हणाला की साहेबांचा फोन येऊ दे, मग बघू. काँक्रीट मध्येच सोडलं तर तिथे जोड राहतो, पुढे पाणी गळतं, आणि मग शिव्या त्याला बसतात. शिवाय एवढी माणसं आज कामावर आली आहेत, ती काय नुसती बसवून ठेवायची? तो उद्धट नव्हता. कागदावर जे आहे ते त्यानं केलं होतं, आणि कागद तिच्याच ऑफिसातून आला होता.

"साहेबांचा फोन लागत नाहीये," ती म्हणाली.

"मग मी कुणाच्या शब्दावर थांबवू?"

ती सही करणारी नव्हती, रेघा ओढणारी होती. मागे घमेल्यांची रांग हलतच होती. तिनं चप्पल काढून ठेवली, आणि जाळीवर पाय सांभाळत पुढच्या खोलीत मधोमध जाऊन उभी राहिली. पुढचं घमेलं जिथे रिकामं व्हायचं होतं, बरोबर तिथे.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. मिक्सरच्या आवाजावर जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "गॅलरीच्या वरच्या सळ्या मी काढल्यात, पण त्या कागदावर आल्या नाहीत. तसंच ओतलं तर ही गॅलरी माणसांसकट खाली येईल. सळ्या घातल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

घमेलं घेतलेली बाई थांबली. तिच्या मागची थांबली. रांग शिडीपर्यंत थांबली, आणि खाली कोणीतरी मिक्सर बंद केला. एकदम शांत झाल्यावर सळ्या बांधणारा फिटर, जो इतका वेळ कोपऱ्यात तार गुंडाळत बसला होता, सुपरवायझरकडे न बघता म्हणाला, "मी सकाळी विचारलं होतं."

त्यानं विचारलं होतं, हे खरं होतं. गॅलरीला वरचा माल, म्हणजे वरच्या सळ्या, नाहीत का, असं त्यानं विचारलं, आणि सुपरवायझरनं कागदात नाही ना, मग नाही, असं उत्तर दिलं होतं. आता सुपरवायझरचा चेहरा उतरला. त्यानं ताईच्या हातातली नवी प्रिंट घेतली, जुनी तिच्याशेजारी धरली आणि दोन्हींवर बोट फिरवत सळ्या मोजल्या.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्यांनी निरोप वाचला होता. ताईनं जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःची बाजू न मांडता. मग त्यांनी फोन सुपरवायझरकडे द्यायला सांगितला. मधल्या खोलीत कुठल्या जागी उभी फळी लावून काँक्रीट थांबवायचं ते सांगितलं, आणि पुढचं काम ते स्वतः येऊन सळ्या बघेपर्यंत बंद ठेवायला लावलं. मग पुन्हा ताईला फोन मागितला.

"पडद्यावर मीही पाहिलं होतं," ते म्हणाले. "प्रिंटवर सही करताना गॅलरीकडे बघितलं नाही. तेव्हा हे एकटीच्या अंगावर घेऊ नका."

तिनं फोन ठेवला, आणि जाळीवरून बाहेर येऊन चप्पल घातली.

खाली उतरल्यावर शिंपीकाकांनी काय झालं ते विचारलं. काहीतरी तांत्रिक अडचण आहे, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. सुपरवायझर तसं सांगायलाही लागला होता. ताईनं त्याला थांबवलं आणि काकांना खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. शेवटी त्यांनी वर गॅलरीच्या फळ्यांकडे बघत विचारलं, "हे आज कळलं नसतं, तर कधी कळलं असतं?"

"खालचे टेकू काढले की," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली आणि पाठ फिरवून गल्लीत निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. घराचा प्रत्येक कागद मात्र त्यांनी तिला समोर बसवून रेघ न् रेघ समजावून घेतला, आणि तिनंही कंटाळा न करता समजावला. स्लॅब थांबवला त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः गुडघ्यावर बसून वरच्या सळ्या मोजल्या, त्या आत किती गेल्यात ते टेपनं तपासलं, तेव्हा कुठे उरलेला स्लॅब ओतला गेला.

पण ताईच्या जिवाला त्यानं स्वस्थता आली नाही. एक चूक सापडली म्हणजे ती एकच होती असं थोडंच आहे? मदतीच्या रेघांचा तो लेयर ती कितीतरी दिवस वापरत होती. आधी कधी असंच झालं नसेल कशावरून? तिनं साहेबांना विचारून जुनी कामं एकेक करून उघडायला घेतली. फाइल उघडायची, बाकीचे सगळे लेयर बंद करायचे, आणि त्या एकट्या लेयरवर काय उरतं ते बघायचं. बहुतेक ठिकाणी साध्या मदतीच्या रेघाच उरत. एका घराच्या फाइलीत मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीत एक छोटा गोल उरला. मग तिनं नीट पाहिलं. ते धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं भोक होतं.

त्या घरात माणसं राहायला जाऊन वर्ष होत आलं होतं. साहेबांनी भोक पाडणारा माणूस पाठवला आणि ताई त्याच्याबरोबर गेली. घरच्या बाईनं दार उघडलं तेव्हाच फोडणीचा ठसका बाहेर आला. दिवसभर खिडकी उघडी ठेवते तरी धूर जात नाही, आणि भोक ठेवायला विसरला म्हणून आपण त्या गवंड्याला येताजाता नावं ठेवतो, असं ती सांगत होती.

"गवंडी विसरला नाही," ताई म्हणाली. "त्याला दिलेल्या कागदावरच ते नव्हतं. ती चूक माझी."

बाईनं तिच्याकडे नीट निरखून बघितलं. मग ओट्यावरचे डबे उचलून बाजूला केले, त्यांच्यावर जुनी चादर टाकली, आणि धूळ बसू नये म्हणून भाताचं पातेलं आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. यंत्र सुरू झालं. ताईनं भिंतीवर पेन्सिलनं गोल काढून दिला होता, तरी ती शेजारीच उभी राहिली. विटेचा लाल भुगा ओट्यावर पडत राहिला, आणि थोड्या वेळानं पलीकडचा उजेड आत आला.