अडकलेलं बोट

माझ्या गिटार क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाजवलं, आणि त्याच संध्याकाळी माझं वाजवणं ऐकताना अप्पा पहिल्यांदा रडले. अप्पा म्हणजे माझे वडील. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा घडल्या हे कळायला मला पुढं सात-आठ महिने लागले, आणि कळलं तेव्हा न कळतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. हजेरीपट, दाखले, बोनाफाईड यांत माझा दिवस जातो. संध्याकाळी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या वरच्या खोलीत गिटार शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे सरावाला वेळ भरपूर मिळाला, असं नातेवाईक म्हणतात. टोमणा आहे, पण खोटा नाही.

अप्पांनी मैंदर्गीच्या एका देवळात चाळीस वर्षं सनई वाजवली. मग दात गेले, ओठांची पकड गेली. कवळी लावून एकदा फुंकून बघितलं, तर सुराच्या आधी कवळीच बाहेर आली. ते स्वतःच पोट धरून हसले, आणि त्यानंतर सनईला हात लावला नाही. आई गेल्यावर मी त्यांना सोलापूरला घेऊन आले.

सनई घरात शिकवली ती भावाला. मुलीनं फुंकायचं वाद्य नाही ते, एवढ्यावर माझा विषय संपला. भाऊ आठवड्यातून एकदा, तेही धाकापोटी, हातात घ्यायचा. दम तुटायचा, सूर घसरायचा, आणि अप्पा डोळे मिटून मान डोलवायचे. ‘चुकतंय, पर काळजाला लागतंय की,’ म्हणायचे. तो लागणारा भाऊ आता पुण्यात एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि सनई कुठल्या बाजूनं फुंकतात हेही विसरला असेल. मी दाराआड बसून ऐकायची. माझं कधी काही लागेल का, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

कॉलेजात गिटार हातात आली तेव्हा ठरवलं, यात कुणी नावं ठेवायला जागाच ठेवायची नाही. लय धरणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर रोज दोन तास. एक जागा शंभर वेळा, चुकली तर पुन्हा पहिल्यापासून शंभर. बोटांच्या टोकांना घट्टे पडले, ते फुटले, पुन्हा पडले. आज माझ्याइतकी स्वच्छ गिटार वाजवणारी माणसं सोलापुरात किती असतील ते मी सांगत नाही, लोक शिष्ट म्हणतील. पण फार नसतील.

अप्पांना मात्र ते पोचायचं नाही. त्यांच्या बोलण्यात कन्नड मिसळलेलं असतं. पुरे झालं की ‘साकु’ म्हणतात. ताटात भात वाढतानाही साकु आणि माझं वाजवणं ऐकतानाही साकु. एकदा मी खनपटीलाच बसले, की नेमकं काय कमी पडतं ते सांगा. म्हणाले, “हजेरी घेतल्यागत वाजवतीस, अव्वा. सगळे सूर हजर हायत. पर घरात कोन न्हाय बग.”

लाडानं ते मला अव्वा म्हणतात. त्या वाक्यातला लाड मला ऐकू आला नाही. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

मागच्या वर्षी डाव्या हाताची अनामिका अडकायला लागली. सकाळी उठावं तर बोट तळव्याकडं वाकलेलं, आणि दुसऱ्या हातानं सरळ करावं लागायचं. सरळ होताना कट् असा आवाज यायचा आणि बोटाच्या मुळाशी जीव जायचा. गिटार वाजवणाऱ्या बाईनं दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा होता. मी तेल चोळत बसले, कारण कार्यक्रम तोंडावर आला होता.

कार्यक्रमात मी अप्पांची पहाटेची धून वाजवणार होते. गाभाऱ्याचं दार उघडताना ते ती वाजवायचे. तिला नाव नाही, आमच्या घरात तिला ‘दाराची’ म्हणतात. तिच्यात एक जागा अशी आहे, की सूर वर जाऊन क्षणभर थांबतो आणि झरकन खाली उतरतो. गिटारवर तिथं अनामिकेनं तार दाबून ओढायची आणि लगेच सोडायची. मी तार ओढली. बोट सुटेना.

सूर तसाच वर लटकत राहिला. थरथरत, किंचित बेसूर होत. मी मनगट हिसडलं तेव्हा बोट सुटलं, आणि खालचा सूर दोन मात्रा उशिरा, अर्धामुर्धा गिळलेला असा आला. ही जागा धुनेत तीनदा येते. तिन्हीदा हेच झालं. दुखत इतकं होतं की शेवटाकडं मी निम्म्या लयीत वाजवत होते. भर सभेत अब्रू गेली म्हणून मान वर करायचीही लाज वाटत होती.

मान वर केली तर टाळ्या थांबेनात. शाळेतून निवृत्त झालेले एक तबलजी गुरुजी पुढं येऊन म्हणाले, “आज तुम्ही जीव ओतलात, मॅडम!” इतकी वर्षं मी काय ओतत होते, पाणी? आणि पहिल्या रांगेत अप्पा बसले होते, पंचा डोळ्यांना लावून.

घरी जाताना रिक्षात त्यांनी माझा डावा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. मला वाटलं, हा आशीर्वाद आहे. मी रस्त्याकडं तोंड करून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मात्र डोकं फिरलं. तीस वर्षांची मेहनत यांना पोचली नाही आणि एक अडकलेलं बोट पोचलं! गालाला सूज यावी आणि लोकांनी म्हणावं, काय बाळसं धरलंय. एका विद्यार्थिनीच्या आईनं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात फिरत होता आणि त्याखाली हात जोडलेल्या, डोळे पुसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. फेकला नाही. उलट तो व्हिडिओ जपून ठेवला.

हाडांच्या डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, “शीर ज्या नळीतून सरकते ती नळी आखडलीय. लहानसं ऑपरेशन आहे, त्याच दिवशी घरी जाल.” तारीख दिली. मी गेले नाही. शाळेत परीक्षा आहेत म्हणून कळवलं. मग दुसरी तारीख टाळली. खरं कारण लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. बोट बरं झालं तर अप्पा पुन्हा कोरडेच राहतील, ही मला भीती होती.

चार महिने मी ते बोट तसंच वापरलं. कणीक मळता येईना, दाखल्यावर शिक्का मारताना कळ यायची. पण रविवारी अप्पांपुढं बसून दाराची धून वाजवायची. बोट अडकायचं आणि अप्पांचे डोळे भरायचे. “साकु, अव्वा, साकु,” म्हणायचे, तेही धून संपायच्या आधीच. आवाज ओला असायचा. मला वाटायचं, आता त्यांना सोसवत नाही इतकं लागतंय. “हात बरा हाय न्हवं?” असंही कधीकधी विचारायचे. मी पटकन “बरा आहे” म्हणायची. बोटाचं कळलं तर सगळा मामला उघडा पडेल ना!

शेवटी एका सकाळी बोट वाकलं ते सरळच होईना, तेव्हा गेले. डॉक्टरांनी एवढा वेळ घालवल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. ऑपरेशन वीस मिनिटांचं झालं. पट्टी पाहून अप्पांनी विचारलं, तर लहानशी गाठ होती म्हणून सांगितलं. टाके निघाले, जखम भरली आणि मी पुन्हा अप्पांपुढं बसले. बोट लोण्यासारखं चाललं. एकही सूर इकडचा तिकडं नाही. अप्पांनी शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून ऐकलं. “बरं झालं,” म्हणाले. “चा टाक वाईच.”

बरं झालं, चहा टाक. मी आधण ठेवलं आणि गॅसपाशी उभी राहून दात आवळले.

मग मी जे केलं ते फक्त मलाच सुचू शकतं. जपून ठेवलेला तो व्हिडिओ लावला, मेट्रोनोम सुरू केला आणि माझ्याच चुका मोजल्या. पहिल्यांदा सूर किती वेळ लटकला, दुसऱ्यांदा किती, तिसऱ्यांदा तार किती बेसूर झाली, मनगटाचा हिसका कुठं आला. कागदावर उतरवून घेतलं. आणि धडधाकट बोटानं ते दुखणं शिकायला बसले. एक जागा शंभर वेळा, चुकीची चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून शंभर. दीड महिना. शेवटी व्हिडिओ आणि मी एकदम वाजायला लागलो, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. इतकी मी खुळी.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अप्पा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मी धून सुरू केली. पहिली जागा आली, सूर ठरवल्याबरहुकूम लटकला, थरथरला, उशिरा उतरला. मी चोरून पाहिलं. अप्पा ताठ झाले होते. दुसरी जागा आली.

“थांब,” ते म्हणाले. “हात दाव.”

मी डावा हात पुढं केला. त्यांनी बोटाच्या मुळाशी, जिथं ऑपरेशनचा व्रण आहे तिथं, अंगठ्यानं दाबलं. “हितं दुखतंय?”

“नाही.”

“खरं सांग.”

“नाही अप्पा. दोन महिने झाले, अजिबात नाही.”

“मग दुखल्यागत का वाजवतीस?”

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते तोंडातून लहान मुलीसारखं बाहेर आलं. “तुम्हाला आवडतं म्हणून. कार्यक्रमात रडलात की तुम्ही!”

अप्पा म्हणाले, “तुजं बोट सुटंना म्हनून रडलो मी. पोरीचा हात तसा आडकलेला बगून बापाला काय हसू येनार व्हय? इचारलं तर बरा हाय म्हनायचीस.”

“आणि वाजवणं?”

एक लहानसं खोटं ते बोलले असते तर मी त्यावर उरलेलं आयुष्य काढलं असतं. पण सुराच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

“वाजवनं कुटं ऐकत हुतो, अव्वा. बोट बगत हुतो.”

मला राग आला. त्यांचा, गुरुजींचा, त्या टाळ्यांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. गिटार ठेवून उठणार होते. अप्पांनी हात सोडला नाही. “वाजव,” म्हणाले. “तुला येतंय तसं वाजव. आडकवू नगंस.”

मी वाजवलं. माझं मला येतं तसं, घोटून, स्वच्छ, हजेरी घेतल्यासारखं. पहिली जागा आली तेव्हा अप्पा पुढं झुकले होते, नजर माझ्या अनामिकेवर. मी तार ओढली, सोडली. सूर झरकन खाली उतरला, आणि अप्पांनी कोंडून धरलेला श्वास सुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पुढच्या दोन्ही जागांवरही तसंच झालं. धून संपेपर्यंत ते साकु म्हणाले नाहीत. वाजवणं त्यांनी याही वेळी ऐकलं नसावं.