पडद्यामागची खाज

दवाखान्यात पंधरा-वीस वर्षं काढली की जवळ दोनच गोष्टी साठतात. रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही! उलट चार मैत्रिणी जमल्या की "विमल, ते धोब्याचं सांग ना वं" करून पुन्हा उकरून काढतात.

रामदासपेठेत आमच्या डॉक्टरीणबाईंचा बायकांचा दवाखाना होता. सत्तरच्या आगेमागे मी तिथं लागले. नावाला नर्स. प्रत्यक्षात गोळ्या देणारी, नळ्या तापवणारी, पडदा ओढणारी, रडणारीला पाणी देणारी, सगळं मीच. बाई हाताला हलक्या आणि तोंडाला तिखट.

बाळंतपणाच्या पेशंट थाटात यायच्या. सोबत सासू, नणंद, डबा. पण निम्म्या पेशंट यायच्या त्या एकट्या, डोक्यावरून पदर घेऊन, आणि त्यांचं दुखणं एकच. खाली खाज, लघवीला आग आणि दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं. बाई म्हणायच्या, "बुरशी आहे ती. लोणच्यावर धरते ना, तिचीच बहीण. पंधरा दिवसांचं काम!"

लोणच्यावरची बुरशी बाया अख्ख्या मोहल्ल्याला दाखवतात. ही नवऱ्यालाही दाखवत नाहीत.

तर ऐका. तिखटमीठ माझं असेल, भाजी खरी आहे.

*

एक शाळामास्तरीण चार वेळा आली. चारही वेळा डोकं दुखतं म्हणून. गोळी घ्यायची, पर्समध्ये टाकायची, दारापर्यंत जायची आणि कडीला हात लावून म्हणायची, "बाई, अजून एक होतं..." तेवढ्यात बाहेर कोणी खोकललं की "काही नाही, काही नाही" म्हणत पसार!

पाचव्यांदा ती खुर्चीत टेकणार, तोच बाई म्हणाल्या, "बसू नका. सरळ दारापाशी जा. कडीला हात लावा. हं, आता बोला!"

मास्तरीण दाराकडे तोंड करून जी सुटली ती दहा मिनिटं थांबली नाही. आठ महिन्यांची खाज! रात्री झोप नाही, वर्गात खुर्चीवर धड बसता येत नाही. सगळं सांगून झाल्यावर डोळे पुसत परत आली.

बाईंनी औषध लिहिता लिहिता सहज विचारलं, "शाळेत काय शिकवता?"

"शरीरशास्त्र."

*

मग ते बाबू. सरकारी कचेरीत होते, घर प्रतापनगरला. बायको घरी आणि हे दवाखान्यात.

बाई म्हणाल्या, "त्यांना घेऊन या ना."

"तिले कशाले आणायचं? मी सांगून राहिलो ना जी!"

"बरं. काय होतं त्यांना?"

बाबूंनी पंख्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. घाम पुसला. "खाज."

"कुठं?"

"घरी."

"अहो, घरी म्हणजे कुठं?"

"स्वयंपाकघरात जास्त!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग स्वयंपाकघरालाच औषध लिहून देऊ का?"

"द्या ना जी. मी नेऊन देतो."

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा बायको स्वतःच आली, भाजी आणायच्या निमित्तानं. तिचं नाव इंदू. लग्नाला पाच वर्षं झालेली, पिशवीत खरोखरच पालक. खुर्चीवर बसली आणि एका दमात म्हणाली, "बाई, दसऱ्यापर्यंत बरी करा. आत्याबाई, सासू माही, म्हणते, चांगल्या घरच्या बाईले असा रोग होतच नाही. दसऱ्यापर्यंत गेला नाही तर पेटी भरून उमरेडले माहेरी पाठवून देईन म्हणते. कायमची."

"आणि नवरा काय म्हणतो?"

"ते पंख्याकडे पाहते."

*

त्या काळी गोळ्या मिळायच्या त्या रात्री झोपताना आत ठेवायच्या. चौदा रात्री, चौदा गोळ्या. खाज तिसऱ्या दिवशीच थांबायची, पण कोर्स सोडायचा नाही, हे बाई घसा कोरडा होईपर्यंत सांगायच्या.

इतवारीतल्या एका घरची मधली सून पुडकं घेऊन गेली. तीन आठवड्यांनी बघते तर तीन सुना आणि पुढं सासू, असा मोर्चाच!

"तुमच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत," सासूबाईंनी सुनावलं.

"किती घेतल्या?"

"माह्या घरी भेदभाव चालत नाही, बाई. तिघींलेही तोच त्रास. मंग वाटून दिल्या. मोठीले पाच, मधलीले पाच, धाकटीले चार."

बाईंनी कपाळाला हात लावला. "धाकटीला चार का?"

"नवी आहे ना ती अजून!"

*

गोळ्या परवडायच्या नाहीत त्यांना आम्ही जांभळं औषध लावायचो. गुणाचं, स्वस्त. पण परकराला लागलं की परकर फाटेल, डाग जायचा नाही.

एकदा धोबी इस्त्रीचे कपडे द्यायला आला आणि बाईंना हळूच म्हणाला, "बाई, त्या तीन नंबरच्या बंगलेवालीनं तुमची दवाई बंद केली वाटते."

"तुला कसं कळलं?"

"दोन हप्ते झाले, डागच नाही आला!"

आम्ही दोघी गार. या गड्याकडे अख्ख्या लाइनीचं रजिस्टर होतं! कोणाचं चालू, कोणाचं संपलं, कोणाचं सासूला माहीत नाही. बाईंनी तीन नंबरवालीला निरोप धाडून बोलावलं आणि झापलं. औषध मध्येच काहून सोडलं?

ती बिचारी म्हणाली, "औषध नाही सोडलं, बाई. परकरापुरता धोबी सोडला."

*

बाईंचं एक ठरलेलं भाषण होतं. महिन्याचे कपडे उन्हात वाळवा. कपाटामागं, ओल्या टॉवेलखाली लपवून वाळवता, ते दमट राहतात आणि तिथंच बुरशीचं फावतं. नायलॉन नको, सुती वापरा. आणि ऊन! अहो, नागपूरचं मे महिन्याचं ऊन. रस्त्यावर डांबर वितळतं. ऊन काय मागायची वस्तू आहे?

एक पोरसवदा सून ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "ऊन गच्चीवर आहे, बाई. अन् गच्चीवर मामाजी आहेत."

"तुमचे सासरे? दिवसभर गच्चीवर काय करतात?"

"पापड वाळून राहिले ना. मामाजी पाखरं हाकलते."

त्या घरचे पापड त्या वर्षी असे कडक वाळले म्हणता! तिनं आम्हाला डबाभर आणून दिले. बाईंनी एकालाही हात लावला नाही.

*

इंदूनं मात्र बाईंचं अक्षर न् अक्षर ऐकलं. कपडे शेजारणीच्या गच्चीवर वाळवले. लग्नातला नायलॉनचा परकर बोहारणीला दिला. चौदाच्या चौदा गोळ्या संपवल्या. महिनाभर ठीक, की पुन्हा खाज. पुन्हा गोळ्या, पुन्हा ठीक, पुन्हा खाज. बाई चक्रावल्या आणि इकडे दसरा आठवड्यावर आला.

एका सकाळी तिघंही दारात. इंदू, बाबू आणि सासूबाई. बाहेर रिक्षात पेटी.

सासूबाई उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "इले खराब बीमारी आहे असं कागदावर लिहून द्या. इच्या बापानं उद्या भांडण काढाले नाही पायजे."

बाई शांतपणे म्हणाल्या, "देते ना. आधी दोघांची लघवी तपासते."

"माझी काहून?" बाबू दचकले.

"तुमच्या कचेरीत अर्जाच्या दोन प्रती लागतात ना? तसंच."

मी दोन नळ्यांत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरल्या. साखर नसेल तर औषध निळंच राहतं. एक नळी निळीच राहिली. दुसरी हिरवी झाली, पिवळी झाली आणि बघता बघता विटेसारखी लाल!

"पाहा!" सासूबाई ओरडल्या. "मी म्हणत होती ना! पाहा रंग इचा!"

लाल नळी कोणाची, हे मला ठाऊक होतं. बाईंनाही होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. आमचा स्वभावच तसा!

बाई म्हणाल्या, "ही साखर आहे. म्हणजे मधुमेह. साखरेवर बुरशी पोसते, म्हणून खाज पुन्हा पुन्हा येते. यात चालचलनाचा काही संबंध नाही."

"औषधानं जाईन का?"

"बुरशी जाईल. साखर जन्मभर सांभाळावी लागेल. गोळ्या, पथ्य."

"जन्मभर!" सासूबाईंनी पदर खोचला. "म्हणजे जन्माचं बिमार माणूस आमच्या गळ्यात? असं माणूस कोन ठेवीन जी घरात? माहेरीच गेलं पायजे. आजच्या आज!"

"ठीक," बाई म्हणाल्या. "ही लाल नळी तुमच्या मुलाची आहे. इंदूची ही, निळी."

बाईंनी बाबूंना विचारलं, "तुम्हाला स्वतःला खाज किती दिवसांची?"

बाबूंनी पंख्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच खाली पाहिलं. "दोन वर्षं. मी आपलं दुकानातून मलम आणून लावून राहिलो होतो."

"वा! म्हणजे औषध तिनं घ्यायचं, आणि रोग तुम्ही परत आणून द्यायचा!"

इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या इंदूनं हळूच वर पाहिलं. अगदी गरीब आवाजात विचारलं, "आत्याबाई, यांचं माहेर कोनतं जी?"

मी तोंडात पदर कोंबला. बाईसुद्धा हसल्या.

तरी रिक्षा इंदूला आणि पेटीला घेऊन उमरेडच्या मोटारीकडेच गेली.

पण त्याआधी सासूबाई त्या लाल नळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी इंदूचं मनगट धरलं आणि विचारलं, "पाच वर्षं माह्या पोराच्या चहात साखर कोन टाकून राहिलं होतं वं?"