चौकटीवरचे खडूचे गोल

दाराच्या चौकटीला हिरव्या मिरचीचा ठेचा फासायची अक्कल माझीच. दुसऱ्या कुणी सुचवली असती तर दोष द्यायला एक माणूस तरी मिळाला असता. सकाळी ड्युटीवर निघताना मी चौकटीच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत जाड थर दिला आणि आमच्या कुत्र्याला म्हणालो, "घे, कुरतड आता." संध्याकाळी परत आलो, नेहमीसारखा उंबरठ्यावर बसलो, उजव्या हातानं चौकट धरून सेफ्टी शूज ओढून काढले आणि त्याच हातानं आधी कपाळावरचा आणि मग डोळ्यांवरचा घाम पुसला.

पुढचा अर्धा तास मी मोरीत नळाखाली होतो. क्वार्टरच्या दारांचा रंगच हिरवा, त्यामुळे दुपारी शाळेतून आलेल्या बायकोलाही काही दिसलं नव्हतं. आता तिनं वाकून पाहिलं आणि मला मोरीतच खबर दिली की डावी बाजू कुत्र्यानं चाटूनपुसून साफ केली आहे, उजवी तेवढी माझ्यासाठी ठेवलेली दिसते. जनावर आमच्या घरच्या झणझणीत रश्श्यावर वाढलेलं. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आमच्या घरात ठेचा ही शिक्षा कधीपासून झाली?

ही गोष्ट भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाची. गावाच्या रिसाली भागातल्या एका सहकाऱ्याकडून मी हे पिल्लू आणलं होतं. तो म्हणाला होता पामेरियन आहे. मोठं झाल्यावर कळलं की अर्धाच पामेरियन आहे, उरलेला अर्धा सुपेला चौकातला गावठी. मुलगा आणि मुलगी दोघंही नागपूरला शिकायला, दोघांनी पत्रातून वेगवेगळी नावं कळवली, बायकोनं तिसरं ठेवलं आणि एकमत न झाल्यानं तो शेवटपर्यंत "अरे" या हाकेलाच येत राहिला.

त्याच वर्षी बायकोला शाळेत नोकरी लागली. अठरा वर्षं घर सांभाळल्यावर मिळालेली नोकरी, ती खुशीत होती. ती साडेसहाला जायची, मी साडेआठला, आणि दीड वाजता ती परत येईपर्यंत तो एकटा. एवढ्या वेळात तो लाकूड खायचा. आधी चौकट, मग उंबरठ्याची कड, मग स्वयंपाकघराच्या दाराचा खालचा कोपरा. ठेच्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं दिवाणाचा पाय धरला.

आता हा दिवाण म्हणजे बायकोच्या माहेरचा, अस्सल सागवानी, तिच्या वडिलांनी लग्नात स्वतः उभं राहून करून घेतलेला. तिनं पायावरचे दातांचे व्रण बोटांनी चाचपून पाहिले. आवाज चढवला नाही, म्हणून मी जास्त घाबरलो. म्हणाली, "पंधरा दिवस देते तुमाले. त्याच्यानंतरच्या रविवारी माह्या भावाले बोलावते. तो घेऊन जाईल याले वावरात राखणीले."

मेहुण्याच्या वावरात! तिथली माकडं याला काखेत घालून झाडावर नेतील हे मला स्पष्ट दिसत होतं. मुलं गेल्यापासून संध्याकाळी गेट उघडल्याबरोबर अंगावर झेपावणारं घरात हे एकच होतं, हे मी तिला सांगितलं नाही. फक्त म्हणालो, पंधरा दिवस पुष्कळ झाले.

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इन्स्पेक्शनला होतो. तिथे आमची पद्धत अशी की लोखंडात चीर दिसली की तिच्याभोवती खडूनं गोल काढायचा, म्हणजे जुनी कोणती आणि नवी कोणती हे दुसऱ्या दिवशी कळतं. मी खिशातला खडू काढला आणि घरातल्या प्रत्येक चाव्याभोवती गोल काढला. अठ्ठावीस निघाले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "दाराले कांजण्या आल्या का हो?"

पहिल्या दोन दिवसांत अठ्ठाविसाचे चौतीस झाले. मी वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून त्याला रागावलो. तो कान पाडून दिवाणाखाली गेला आणि दुसऱ्या दिवशी पस्तिसावा गोल. मला तर खात्रीच झाली की तो माझ्यावर सूड घेतो आहे.

मग मंगळवारी मी गेटपास घरी विसरलो. सेक्टरच्या वळणावर आठवण झाली, स्कूटर वळवली, तर ती बंद पडली. ढकलत ढकलत घरी आलो, म्हणून आवाज झाला नाही. खिडकीतून सहज आत डोकावलो आणि तिथंच थांबलो.

तो मजेत लाकूड खात नव्हताच. चौकटीला पुढचे पाय लावून उभा होता, जीभ बाहेर, धापा टाकत, बारीक आवाजात रडत. त्याच एका जागी दोन चावे घ्यायचा, धावत आतल्या खोलीत जायचा, परत यायचा, पुन्हा चौकट. जणू चौकट खाल्ली की त्यापलीकडे मी सापडणार होतो. मी मेंदीच्या कुंपणाजवळ खिडकीखाली बसलो. ड्युटीला उशीर होतो आहे हेही विसरलो. सूड कसला, हा तर घाबरलेला जीव!

आणि तिथंच बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. बायको सकाळी निघते तेव्हा पर्स घेते आणि जाते, तो मानसुद्धा वर करत नाही. मी मात्र निघताना खाली बसून त्याचं तोंड दोन्ही हातांत धरायचो, "येतो हं, लवकर येतो, रडायचं नाही" असं पाच मिनिटं चालायचं, मग दारातून पुन्हा एकदा, मग खिडकीतून हात. रोज सकाळी मीच त्याला बजावून सांगत होतो की आता काहीतरी भयंकर होणार आहे!

बाजूच्या क्वार्टरमधल्या आंध्रातल्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. मेंदीतून माझं डोकं वर आलेलं पाहून त्यांनी विचारलं, "भाईसाहब, भाभी ने निकाल दिया क्या?" मी म्हणालो, नाही, भाभी शाळेत आहे, मी कुत्र्याचा अभ्यास करतो आहे. त्यांनी उरलेले कपडे जरा घाईनंच वाळत घातले.

दुसऱ्या दिवसापासून मी चार दिवसांची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हणालो, घरात लहान आहे, एकटं राहत नाही. ते खोटं नव्हतं.

त्या चार दिवसांत जी धमाल झाली! किल्ल्यांचा आवाज झाला की तो कापायला लागायचा, म्हणून मी दिवसातून वीस वेळा किल्ल्या उचलायचो आणि कुठेच जायचो नाही. सेफ्टी शूज घालायचे, हेल्मेट डोक्यावर चढवायचं आणि खुर्चीत बसून पेपर वाचायचा. बायको शाळेतून आली आणि दारातच उभी राहिली. "ड्युटी घरातच लागली का आता?" मी पेपरमधून मान वर केली नाही, कारण कुत्रा माझ्या बुटांवर मान टाकून झोपला होता. झोपला होता! किल्ल्या, बूट, हेल्मेट, सगळं समोर असताना!

मग बाहेर जायला सुरुवात केली. न बोलता, न वळता. आधी गेटपर्यंत आणि परत. मग एक मिनिट, मग तीन, मग दहा, चौथ्या दिवशी तर थेट दीड तास. रडणं सुरू व्हायच्या आधी परत यायचं, आणि आल्यावरही फार लाड करायचे नाहीत. हे सगळ्यात अवघड, ते मलाच जमेना. निघण्याआधी मैदानावर त्याला दमवून आणायचं, आणि माझ्या जुन्या पायजम्याला घट्ट गाठी मारून आत भाकरीचे तुकडे लपवून द्यायचे. गाठ सोडवून भाकरी काढण्यात त्याचा अर्धा तास जायचा. दात शिवशिवले तर पायजमा होता, सागवान सुटला. गल्लीतल्या लोकांनी मला स्वतःच्याच घरात तासाला बारा वेळा शिरताना आणि निघताना पाहिलं. विचारायचं मात्र हळूहळू सगळ्यांनीच सोडून दिलं.

रजा संपली, ड्युटी सुरू झाली, आणि खडूचे गोल मंगळवारच्या छत्तिसाव्याच्या पुढे जाईनात. पण शेवटची परीक्षा रविवारची होती, दोघांनी एकदम घराबाहेर पडण्याची. मेहुणा दुपारच्या पॅसेंजरनं येणार होता. सकाळी नऊ वाजता मी बायकोला स्कूटरवर बसवलं आणि आम्ही सुपेल्याला निघालो. मागे वळून पाहिलं नाही. मान दुखली, पण नाही पाहिलं.

बाजारात बायको निवांत. कुकरची रिंग घेतली, पडद्याचं कापड पाहिलं, दुसऱ्या दुकानात पुन्हा तेच कापड पाहिलं. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. दुकानदारानं विचारलं, साहेबांना गाडी पकडायची आहे का? बायको त्याला म्हणाली की त्यांचं लेकरू पेपराले बसलं आहे.

बाराला परत आलो. बाजूच्या वहिनी म्हणाल्या, एक आवाज नाही आला. मी कुलूप काढलं. दार उघडलं. तो पायजम्यावर आडवा पडला होता. उठला, अंग ताणलं, शेपटी हलवली. मी गुडघ्यांवर बसून चौकट तपासली, उंबरठा, स्वयंपाकघराचं दार, दिवाणाचे चारही पाय, अगदी हात फिरवून. छत्तीस! एकही नवा नाही. मी तसाच जमिनीवर बसून हसायला लागलो आणि तो माझे कान चाटायला लागला, आणि लाड करायचे नाहीत हा नियम मी त्या दिवसापुरता मोडला.

मग मेहुण्याची वाट पाहत बसलो. त्याला काय काय सांगायचं, चौकट कशी दाखवायची, मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. एक वाजला, दोन वाजले. मी म्हणालो, पॅसेंजर लेट दिसते.

बायको पडद्याचं कापड मापत होती. म्हणाली, "तो येऊन नाही राहिला. मी त्याले तवाच पोस्टकार्ड टाकलं, येऊ नको म्हणून. बाजूच्या वहिनीनं सांगतलं होतं मले, तुमी मेंदीत बसून रडून राहिले होते ते."

मी रडत नव्हतो, कुत्रा रडत होता, हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं. मग विचारलं की तेव्हाच सांगायला काय झालं होतं, दहा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता.

तिनं दातातली टाचणी काढून कापडाला टोचली. "सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं माह्या दिवाणाचे बाकीचे तीन पाय कोणी वाचवले असते?"