झाकलेली पाटी

एका बाईला मी दारातून हाकलून दिलं होतं. का, तर मला बघून तिनं आपली मासळीची पाटी झाकली. एवढंच कारण. तेव्हा मी तिशीला टेकले होते, अक्कल मात्र अजून पाळण्यातच होती. नातवंडं आता विचारतात, आजी, तू भांडकुदळ होतीस का गं? नव्हते रे बाबांनो. भांडायला आधी समोरच्याचं म्हणणं कळावं लागतं. मला ते कळायचं नाही, आणि उत्तर मात्र मी देऊन मोकळी व्हायची.

पण आधी गाव सोडलं तो दिवस सांगते. गावाकडच्या माझ्या जावांनो, पुतण्यांनो, तुम्ही हे वाचाल, आणि माझ्यासारखंच बोचकं बांधून या खाडीकाठी येऊन पडलेल्यांनो, तुम्हीही वाचाल. कोरेगावच्या पलीकडं आमचं गाव. पिंपळाखाली एस.टी. लागायची. आमच्या ह्यांना ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत नोकरी लागली होती आणि नेरूळला नव्या वसाहतीत घर मिळालं होतं. दोन ट्रंका, एक वळकटी, पाटा-वरवंटा. सासूबाईंनी पाट्याला विरोध केला, मी वरवंटा आधी गाडीत चढवला. मग धाकट्या जावेचा निरोप घ्यायला वाकले. तिच्या कडेवर तीन महिन्यांचं लेकरू होतं. मी वाकले आणि तिनं पदर ओढून त्याचं तोंड झाकलं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझी कूस रिकामी होती. आमच्याकडं अशी बाई समोरून आली की लेकुरवाळ्या बायका पोराचं तोंड झाकत. कुणी बोलायचं नाही. नुसता पदर हलायचा. आई म्हणायची, "माणसाचं तोंड खोटं बोलेल, हात नाही बोलायचा." तो पदर मी डोळ्यांत घेऊनच गाडीत बसले. बाकी सामान ट्रंकेत होतं.

नेरूळ तेव्हा कसं होतं ते आता कुणाला सांगूनही खरं वाटत नाही. चार इमारती उभ्या, दहा अर्धवट. अर्धवट इमारतींच्या खिडक्यांतून वारा शीळ घालायचा. पलीकडं तिवरांची झाडं, त्यापलीकडं ओहोटीचा चिखल, आणि सकाळी सगळ्यावर धुकं असं पसरलेलं की वाटायचं, कुणी दुधात बोट बुडवून हे गाव काढलंय आणि अजून वाळलं नाही. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहायची. लांबवर माणसं चालताना दिसायची, हातवारे करताना दिसायची, आवाज मात्र पोचायचा नाही. गाव मला ऐकू यायचं, नेरूळ नुसतं दिसायचं. ऐकून जगायची सवय असलेल्या बाईला बघून जगायला लागलं की जे होतं, ते माझं झालं.

समोरच्या ब्लॉकमध्ये अम्मिणी नावाची केरळची नर्स राहायची. पहिल्याच संकष्टीला तिला मोदक नेले. "घेणार?" म्हटलं. तिनं मान डावी-उजवीकडं डोलवली. मी ताटली घेऊन परत. ती दारात तशीच उभी. संध्याकाळी हे हसून हसून बेजार. म्हणाले, "अगं, ती हो म्हणत होती." रानात भूलवेलीवर पाय पडला की माणूस वाट चुकतो, त्याला आपण रानभूल म्हणतो ना, तसं ह्यांनी माझ्या या चुकीचं नाव ठेवलं मानभूल.

मग तो खेळच झाला. किराणावाला मला बघून भुवई उडवायचा. मला वाटलं, मेला चावट आहे. पंधरा दिवस साखर ह्यांनी आणली. तो बिचारा भुवईनंच "काय देऊ?" एवढं विचारायचा, इथं दुकानदार तोंड उघडायचे कष्ट घेत नाहीत. त्याचं नाव भुवईचकवा. बसड्रायव्हरनं हात हलवला, मी पदर खोचून धावत चढायला गेले, तर तो म्हणत होता, मागून दुसरी येतेय. तो हातचकवा. तळमजल्यावरचे देशमुख रोज सकाळी भिंतीकडं तोंड करून बसायचे. आठवडाभर मी समजत होते, बायकोशी बिनसलंय. ते प्राणायाम करत होते. त्याला पाठरुसवा. कामावरून आल्यावर बूट काढता काढता हे विचारायचे, "आज कुठली भूल?" आणि मी चहा गाळता गाळता सांगायची. दिवसभराचं एकटेपण असं संध्याकाळी शब्द होऊन कपात पडायचं. दोघंच होतो. तिसरं कुणी ऐकायला नव्हतं, म्हणून शब्दच वाढवले असतील. हे आता वाटतं, तेव्हा नुसतं हसू यायचं.

आणि हिराबाई होती. जवळच्या सारसोळे गावची कोळीण. डोक्यावर पाटी, कोपरापर्यंत बांगड्या, आवाज असा की तिसरा मजला खाली यावा. मी घाटावरची, मला माशातलं ओ का ठो कळत नव्हतं. तिनं शिकवलं. बोंबील कसा धुवायचा, कोलंबीचा धागा कसा काढायचा. उंबऱ्यावर फतकल मारून बसायची, पाणी मागायची, ह्यांची, गावाची, सासूची चौकशी करायची. पोराबाळांचं कधी विचारलं नाही. नेरूळमध्ये मला आवाजानं ओळखता येणारं हे एकच माणूस. तिची हाक जिन्यात आली की मला वाटायचं, चला, आज आपण इथं राहतो.

एके सकाळी ती आली, माझ्याकडं बघितलं, आणि ओलं फडकं ओढून अर्धी पाटी झाकली. मी उरलेल्या अर्ध्या पाटीतले बोंबील घेतले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर मी दार उघडायच्या आधीच फडकं ओढलेलं, आणि त्याखाली काय आहे विचारलं तर नजर वळवली. म्हणाली, "तुजं काम नाय त्याच्याशी."

एस.टी. सुटली तेव्हाचा पदर माझ्या डोळ्यांसमोर हलला. म्हणजे इथंही आलं. दीडशे मैल लांब, खाडीपलीकडं, परक्या बोलीतही ते माझ्या आधी येऊन बसलं. मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही, नातवंडं वाचतात. उद्यापासून या दारात पाय ठेवायचा नाही, हे त्यातलं शेवटचं. हिराबाईनं तोंडाला पदर लावला, पाटी उचलली आणि गेली.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, आज कुठली भूल? मी सांगितलं. ते बूट हातात घेऊन तसेच बसून राहिले. त्या दिवशी शब्द झाला नाही. चहा गार झाला.

हिराबाई आमच्या इमारतीत यायचीच बंद झाली. अम्मिणीनं आपल्या मोडक्या मराठीत दोनदा विचारलं, माशीवाली का येत नाही? मी खांदे उडवले. पण सकाळी जिना इतका मुका व्हायचा की मला गॅलरीतही उभं राहवेना. मनात आलं, गावी परत जावं. तिथं निदान पदर ओळखीचे आहेत. ह्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, जायचं तर जाऊ, पण तिला एकदा विचारून जा. तुझा एक तरी निकाल बरोबर आलाय का आजपर्यंत?

रागावले. पण गेले. त्यांना खोटं पाडायलाच गेले म्हणा ना.

सारसोळ्याची वाट तेव्हा बांधाबांधानं, मिठागराच्या कडेनं जायची. वर आभाळ, खाली पाण्यात आभाळ, मधून मी चाललेली, कमरेवर हात ठेवून. पाणी तिसऱ्या मजल्यावर चढायचं नाही, मी खालून कळश्या वाहायची, त्यामुळं महिनाभर कंबर धरली होती. दुसऱ्या हातात चिंच. चिंच मला लहानपणापासून सोडवत नाही. हे दोन्ही लक्षात ठेवा.

जेट्टीवर हिराबाई जाळं सोडवत बसली होती. मला लांबून बघितलं आणि जाळं टाकून धावतच आली. मला वाटलं, आता मारते. तिनं माझा दंड धरला, उलट्या टोपलीवर बसवलं आणि मलाच झापायला लागली. अशा दिवसांत बांधावरून एकटी कशी आलीस, घसरली असतीस म्हणजे? तुझ्या नवऱ्याला अक्कल नाय का?

मी म्हटलं, कसल्या दिवसांत?

ती माझ्या कमरेवरच्या हाताकडं बघत होती. मग चिंचेकडं. दारातही तिनं मला असंच बघितलं होतं. आणि मला हळूहळू उलगडत गेलं. पाटीत चिंबोऱ्या असायच्या, म्हणजे खेकडे. त्यांच्यात समजूत अशी की चिंबोरी उष्ण, पोटुशीनं खाऊ नये. बरं, नुसती नजर पडली तरी डोहाळा लागतो, आणि डोहाळेवाल्या बाईला नाही म्हणायचं नसतं. मग करायचं काय? झाकायचं. बोलायचंही नाही, पहिल्या महिन्यांत कुणी तोंडानं बोलून दृष्ट लावत नाही. जी बाई मला वांझ समजून पाटी झाकते म्हणून मी हाकलली, ती मला पोटुशी समजून झाकत होती. माझी चूक झाली होती, आणि तिचीही.

खरं सांगणं मलाच भाग होतं. पाण्याकडं बघत सांगितलं. तसं काही नाही. सहा वर्षं झाली. कळश्यांनी कंबर धरलीय आणि चिंच मला आवडते. माझ्या गावात बायका मला बघून पोराचं तोंड झाकतात.

 भरतीचं पाणी होड्यांच्या पोटाला चुबुकचुबुक लागत होतं. मग हिराबाई उठली, पाटी ओढून माझ्यासमोर ठेवली आणि फडकं काढून टाकलं. त्यावेळी ती जे बोलली ते शेवटाला राखून ठेवते. म्हातारीला एवढी मुभा द्या.

चिंबोऱ्या घेऊन घरी आले. ह्यांनी सगळं ऐकलं, बूट नीट जागेवर ठेवले आणि म्हणाले, "झाकभूल." आणि आम्ही दोघं इतके हसलो की अम्मिणी दार वाजवून बघायला आली. गावी जायचा विषय त्या रश्श्यात विरघळला.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी हिराबाई आली, माझ्याकडं बघितलं आणि फडकं ओढलं. मला स्वतःलाही अजून ठाऊक नव्हतं. मी आत गेले आणि दोघींना चहा टाकला. त्या झाकल्या पाटीतली लेक आता खारघरला राहते, सोळाव्या मजल्यावर, आणि तिची पोरगी मोबाईलवर अंगठा दाखवते तो होकार की कंटाळा, हे मला अजून कळत नाही. अंगठेचकवा. हे असते तर याहून बरा शब्द काढला असता.

धाकटे, तू वाचत असशील तर एक सांगते. तू पदर ओढलास तेव्हा सुटायच्या बेतातली एस.टी. धुरळा उडवत होती. लेकराच्या नाकात धूळ जाऊ नये म्हणूनही ओढला असशील. चाळीस वर्षं झाली, मी विचारलं नाही, आता विचारणारही नाही. मी धूळच धरून चालले आहे.

गाव अजून स्वप्नात येतं. पिंपळ, पाटा, सासूबाईंची हाक. पण घर म्हटलं की डोळ्यांपुढं ती जेट्टी येते, पाण्यात उतरलेलं आभाळ, उलटी टोपली, आणि फडकं बाजूला टाकून माझ्याकडं बघणारी हिराबाई. ती म्हणाली होती,

"मंग खा ना गो बाय, पोट भरून खा. झाकाचे दिस आयले का मीच झाकीन."