नेजो म्हणे

वर्ध्याच्या कोर्टात सुंदरा मडावी वकीलबाईंच्या टेबलापाशी नवा पक्षकार येऊन बसला, की बाई त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेत. तो 'मले' म्हणाला तर मले, 'गेलतो' म्हणाला तर गेलतो. शेजारचे वकील चिडवत, "बाई, जरा शुद्ध लिहा की!" त्यावर बाई शांतपणे म्हणत, "शुद्ध लिहून एकदा एका माणसाला चोर केलंय मी. तेवढं पुरे." ती गोष्ट १९८१ सालची. तेव्हा बाई बाई झाल्या नव्हत्या, नुसती सुंदरा होती.

सुंदराचं गाव कारंजा घाडग्यापासून आत, जंगलाला लागून. घरात गोंडी, बाजारात वऱ्हाडी, आणि शिकायला वर्ध्याच्या वसतिगृहात आल्यावर तिसरी, पुस्तकातली मराठी. या तिसरीनं तिला फार छळलं. टायपिंगच्या क्लासात पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "सर, मी उद्या लवकर येतो." सगळा क्लास खिदळला. आमच्याकडच्या बाया येतो-जातोच म्हणतात, त्यात खिदळण्यासारखं काय आहे ते त्या क्लासालाच ठाऊक! पण सर म्हणाले, "मुलगी आहेस ना? मग येते म्हण." सुंदराचे कान लाल झाले. पोरगी हट्टाला पेटली. दोन वर्षांत तिनं बोलण्यातलं 'मले-तुले'चं 'ले' घासून काढलं, 'का'च्या जागी येणारं 'काऊन' हद्दपार केलं, आणि इतकं चोख बोलू लागली की सुटीत घरी गेल्यावर तिची आई भागीरथा म्हणाली, "तुह्यासंग बोलाले आता मले शाळेत जा लागीन व माय."

बी.ए. झाल्यावर ती वासुदेवराव वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागली. वासुदेवराव मूळचे देवळीचे. मनानं मोकळे, आवाजानं मोठे आणि टाइप केलेलं पुन्हा वाचायला महा आळशी. "सुंदरानं टाइप केलं ना? मंग पाहाचं काय त्यात!" म्हणून खाली सही ठोकायचे. त्यांच्याच आग्रहावरून तिनं सकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं.

आणि मग काय विचारता! कायद्यानं तिला झपाटलंच. पिपरी मेघ्यातल्या खोलीतून सायकलवर निघाली की ती कलमं पुटपुटत पायडल मारायची. घरमालकीण मनकर्णाबाई शेजाऱ्याच्या भिंतीवरून वाकून जास्वंदीची फुलं तोडायच्या, तर ही खालून ओरडायची, "काकू, चोरीचं तीनशे एकोणऐंशी लागेल बरं!" मनकर्णाबाई फुलांची परडी पदराखाली घेऊन म्हणायच्या, "देवाले वाहतो मी, देवावर लावजो तुही दफा." चौकात भांडण दिसलं की सुंदराचा सायकलवरून एक पाय खाली: यात मारहाण कोणती, धमकी कोणती, कुणी आधी हात उचलला? लहानपणापासून पोलिसाची टोपी दिसली की तिच्या गावातली माणसं रानात पळायची. त्या टोपीलाही नियम असतात, आणि ते नियम पुस्तकात छापलेले असतात, कुणीही वाचावेत असे! या एका गोष्टीचा तिला एवढा आनंद झाला होता की तो तिला सांगताही येत नसे.

त्या मार्चमध्ये वासुदेवरावांकडे सोनबाची केस होती. सोनबा तिच्या गावाशेजारचाच, किसनराव नावाच्या शेतकऱ्याकडे वर्षभराच्या कामाला राहिलेला. किसनराव लेकीकडे गेले असताना त्यानं त्यांचा ढवळा बैल आपल्या वावरात नांगराला नेला. इकडे किसनरावांचा भाऊ महादेवराव, त्याला गोठ्यात दावं रिकामं दिसलं आणि त्यानं थेट रिपोर्ट दिला. सोनबाला धरलं. जामिनावर सुटला खरा, पण गावात त्याला नाव पडलं ते पडलंच. बायको रुखमा पाण्याला गेली की बाया घागर उचलून बाजूला होत. शिक्षा झाली तर सोनबा आत जाणार आणि पोरांना जन्मभर चोराची पोरं म्हणणार.

केस आली त्या दिवशी मुन्शी बबनरावांनी सोनबाचं म्हणणं कच्च्या कागदावर उतरवून घेतलं होतं. सुंदरानं त्यावरून जामिनाचा अर्ज टाइप केला, वासुदेवरावांनी सही ठोकली, सोनबानं अंगठा दिला. मग साक्षीची तारीख आली. त्या दिवशी अकरा वाजता किसनरावांची साक्ष होती. बैल आमचाच, एवढंच सांगायला सरकारी वकिलांनी त्यांना बोलावलं होतं.

त्याच दिवशी सकाळी कॉलेजात नेमकी चोरीची व्याख्या निघाली. सर फळ्यावर खडू आपटत म्हणाले, "वस्तू हलवली म्हणजे चोरी झाली का? नाही! मालकाच्या संमतीवाचून हलवली तर चोरी. सगळा खेळ संमतीचा आहे. संमतीला स्टॅम्पपेपर लागत नाही, एक शब्द पुरतो. सांगा बरं असा एखादा शब्द, तुमच्या घरातला."

मागच्या बाकावरचा चंद्रभान उठला. "सर, मी शेजाऱ्याले म्हटलं सायकल पाह्यजे. तो म्हणे, नेजो."

वर्ग हसला. सर म्हणाले, "हसता काय? नेजो! झाली संमती! खटला संपला!"

सुंदरा हसली नाही. तिच्या हातातला पेन वहीवर तसाच थांबला. नेजो. हा शब्द तिनं कुठंतरी पाहिला होता, बबनरावांच्या वाकड्या अक्षरात. आणि त्याचं तिनं काय केलं होतं?

ती उठली, "सर, जाते" म्हणाली आणि सायकलवर बसली. सायकल कुठली, वारंच ते! रस्त्यात एका भाजीवाल्याची टोपली वाचली ती नशिबानं. ऑफिसात कपाटापुढं बसून तिनं गठ्ठा सोडला. कच्चा कागद निघाला. त्यावर लिहिलं होतं: 'किसनरावले म्हटलं बैल पाह्यजे. मंग नेजो म्हणे. मंग नेला.' आणि अर्जावर, तिच्या स्वच्छ, शुद्ध टायपात: 'किसनरावांना म्हटले बैल पाहिजे. मग नेतो म्हणालो. मग नेला.'

मालकानं दिलेली परवानगी तिनं खोडली होती. 'नेजो म्हणे' तिला अडाणी वाटलं होतं, म्हणून तिनं ते सुधारलं होतं. मालक 'घेऊन जा' म्हणाला होता. तिच्या कागदात सोनबाच आपल्या मनानं 'नेतो' म्हणून बैल घेऊन गेला होता. बबनरावांचं लिहिणं बरोबर होतं, सोनबाचं सांगणं बरोबर होतं. चुकली होती ती एकटी, वर्ध्यात सगळ्यात चोख मराठी बोलणारी.

कागद गठ्ठ्यात परत ठेवला असता तर कुणाला कळणार होतं? नोकरी राहिली असती. पण तिच्या डोळ्यांपुढं घागर घेऊन एकटी उभी असलेली रुखमा आली, आणि ती तडक वासुदेवरावांच्या घरी गेली.

वासुदेवराव जेवायला बसले होते. तिनं दोन्ही कागद पाटापाशी ठेवले. "हे मी केलं," ती म्हणाली. "मला कामावरून काढा, पण आधी हे वाचा."

वासुदेवरावांनी वाचलं. पुन्हा वाचलं. घास तसाच ताटात राहिला. "अवो, नेजो म्हणे!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की आतून त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई धावत आल्या. "आन म्या डोये झाकून सही केली! तुही एक चूक, तं माही दोन. मी देवळीचा मानूस, मले कळाले पाह्यजे होतं. चाल, कोट कुठी आहे माहा?"

त्या दिवशी वासुदेवरावांनी कोटाची बटणं रस्त्यात लावली.

कोर्टात किसनराव पिंजऱ्यात उभे राहिले. बैल आमचाच, म्हणाले. मग वासुदेवराव उठले. "किसनराव, सोनबानं बैल मांगला, तवा तुमी काय म्हटलं?"

सरकारी वकील ताडकन उभे. "हा प्रश्नच येत नाही! आरोपी स्वतः अर्जात लिहितो, मीच नेतो म्हणालो."

"ती चूक आमच्या ऑफिसातली," वासुदेवराव म्हणाले. "हा घ्या मूळ कागद. आता साक्षीदारालाच बोलू द्या साहेब."

मागच्या बाकावर सुंदरानं बाकाची कड धरून ठेवली होती.

किसनरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "काय म्हटलं? नेजो म्हटलं."

न्यायाधीश नाशिककडचे. त्यांनी मान वर केली. "नेजो म्हणजे काय?"

"नेजो म्हंजे नेजो!" किसनराव चकित झाले. एवढंही कसं कळत नाही यांना? "म्हंजे ने बावा, तुले लागीन तवा ने. म्याच म्हटलं ना!"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"भावानं रिपोट देल्ली, म्हटलं घरचं भांडन काऊन वाढवा. पोलीस म्हणे, बैल तुमचा काय? म्या म्हटलं, हाव. म्हणे, बसा. बसलो." किसनरावांचा आवाज खाली आला. त्यांनी सोनबाकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "मले वाटलं कोर्टात इचारतीनच. नेजो म्हटलं का, हे मले कोनी इचारलंच नाई."

न्यायाधीशांनी लिहायला सांगितलं, शब्द तसाच लिहा, नेजो. सुंदराला उडी मारावीशी वाटली. कोर्टाच्या कागदावर, सरकारी शिक्क्याखाली, तिच्या आईच्या तोंडचा शब्द चालला होता! पुढच्या तारखेला सोनबा सुटला.

निकाल ऐकून सोनबा आणि रुखमा फाटकापाशी आले, तेव्हा सुंदरा सायकल धरून उभी होती. तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं. कुणाच्या हातून काय झालं होतं, ते काही लपवलं नाही. सुंदराला वाटलं, आता सोनबा पाठ फिरवून निघून जाईल.

"तूच खोडलं, आन तूच धुंडून काहाडलं," तो म्हणाला. "चूक कबूल कराले कोनी सायकल एवढी नाई पयवत." मग त्यानं रुखमाकडं पाहिलं. रुखमानं डोक्यावरचा पदर सावरला आणि मान डोलावली.

"घरी येजो, पोरी," सोनबा म्हणाला. "भाकर खाऊन जाजो."

सुंदराच्या ओठांवर सवयीनं 'येते' आलं होतं. ते तिनं तिथंच गिळलं.

"येतो मामा," ती म्हणाली. "येतो ना!"