बाहुलीचा तिसरा भाग

आमचं गाव नंदुरबारकडे, रनाळ्याच्या पलीकडे आहे. नाव लिहीत नाही. आम्हीच एकदा ते नको तिथे लिहिलं, तेवढं पुरे झालं.

मी पहिली-दुसरीला शिकवते. मुलांच्या घरची बोली अहिराणी, काहींची भिली, आणि पुस्तक मराठीत. एका प्रशिक्षणात आम्हाला कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या करायला शिकवलं होतं. लगद्यात डिंक आणि थोडी मेथीची पूड घालायची, म्हणजे कीड लागत नाही, आणि तो वर्तमानपत्राच्या बोळ्यांवर थापायचा. मी एक केली. डोळ्यांना जुन्या कोटाची काळी बटणं लावली, केस लोकरीचे, अंगात लाल झबलं. ती मुलांशी अहिराणीत बोलायची आणि हळूहळू त्यांना मराठीवर आणायची. वर्गात माझ्यासमोर तोंड न उघडणारी पोरं तिच्याशी तासभर गप्पा मारायची.

माझा धाकटा भाऊ लग्नांचं शूटिंग करतो. एका वर्षी लग्नसराई संपल्यावर त्याने ती बाहुली माझ्या कपाटातून काढली आणि म्हणाला, "ताई, हिचा पिक्चर काढू." भाग पहिला आम्ही आमच्याच घरात काढला. बाहुली कोणाचं लक्ष नसताना उठते, टोपल्यातली भाकरी पळवते, सासू-सुनेत भांडणं लावते आणि शेवटी झोपलेल्या सासूची वेणी कापते. तिच्या हातापायांना तंगूस बांधलेला होता, मासे धरायच्या गळाला लावतात तो. मी पलंगावर उभी राहून तो ओढायची. आवाजही माझाच. लोक घाबरण्यापेक्षा हसलेच जास्त, पण मोबाईलवर पाहिला सगळ्यांनी.

दुसऱ्या भागात आम्ही नंदुरबारबाहेर मिरची सुकत घालतात तिथे गेलो. लांबपर्यंत लाल पसरलेली मिरची आणि तिच्यातून चालत येणारी बाहुली. आम्ही सगळे इतके शिंकत होतो की आवाज नंतर घरी भरावा लागला. तो भाग पहिल्याहून जास्त चालला. भावाला वाटलं, आता हेच करायचं. लग्नांची कामं तो दुसऱ्यांना देऊ लागला. मधे त्याने चेटकिणीचे, पडक्या विहिरीचे असे छोटे पिक्चर करून पाहिले, ते कोणी बघेना. खाली लोक लिहायचे, "बाहुली कोठे शे?"

म्हणून तिसरा भाग. त्याची गोष्ट मी लिहिली. हे मी कोणावर ढकलू शकत नाही.

मूलबाळ नसलेली एक म्हातारी बाहुलीला पोटच्या पोरीसारखी वाढवते. बाहुली जिवंत होते आणि गावातलं एकेक लेकरू ओढून नेते. लिहिताना मला एवढंच दिसत होतं की यात भीती आहे. ती म्हातारी कोणासारखी आहे, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल. आता खरं काय ते मलाच सांगता येत नाही.

घर आम्ही मोठीमायचं घेतलं. वडिलांच्या चुलतभावाची ही बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल झालंच नाही. गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, अंगणात कडुनिंब. शेजारच्या बाया शेतात जाताना तान्ही पोरं तिच्याकडे टाकून जायच्या. आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मन्हा घरमा काय शे रे देखासारखं?"

भाऊ म्हणाला, "मोठीमाय, तूच बस ना उंबऱ्यावर. बाहुलीनी वेणी घालानी, बस."

ती नवं लुगडं नेसून आली. भावाने तिला परत पाठवून जुनं नेसायला लावलं. मग ती उंबऱ्यावर बसली, बाहुली मांडीवर घेतली आणि फणीने तिचे लोकरीचे केस विंचरू लागली. "कसा गुताई ग्यात वं केस," असं तिच्याशीच बोलत राहिली. आम्हाला हवं ते दोन मिनिटांत मिळालं होतं. ती अर्धा तास विंचरत बसली.

निघताना तिने विचारलं, "आते ही कामनी नही ना? मंग ऱ्हाऊ दे आठेच."

पिक्चरच्या शेवटी बाहुली पाण्यात बुडते, त्यासाठी मी तशीच दुसरी केली होती. म्हणून पहिली तिला देऊन टाकली. तिने ती देवांच्या शेजारच्या फळीवर बसवली.

पिक्चर टाकायच्या दिवशी भावाने सुरुवातीला अक्षरं घातली, 'खऱ्या घटनेवर आधारित'. शेवटी गावाचं नाव आणि घराचा फोटो. मला विचारलं, "टाकू का?"

मी म्हटलं, "टाक. सगळेच टाकतात."

पहिल्या आठवड्यात सगळं छान होतं. मोठीमायने माझ्या मोबाईलवर स्वतःला पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "मी तं म्हतारीच दिसी ऱ्हायनी."

मग मोटारसायकली येऊ लागल्या. आधी दोंडाईच्याकडून, शहाद्याकडून, एकदा तर नवापूरकडून पोरं आली. चौकात विचारायची, बाहुलीवाल्या बाईचं घर कोणतं. लोकही दाखवायचे. मोठीमायला वाटलं, पाहुणेच आहेत. तिने त्यांना पाणी दिलं. त्यातल्या एकाने ते मोबाईलवर काढलं आणि वर लिहिलं, 'डाकिणीच्या हातचं पाणी प्यायलो.'

तो शब्द तिथून आला. आमच्याकडे तो शब्द हसण्यावारी नेत नाहीत. ज्या बाईला तो चिकटतो, तिला गाव जगू देत नाही.

त्याच दिवसांत शेजारच्या बाईची नात तापाने पडली. मुलगी मोठीमायच्या अंगणातच खेळायची. नंदुरबारला दवाखान्यात ठेवली, आठ दिवसांत बरी होऊन आली. पण आल्यावर तिची आई तिला मोठीमायकडे पाठवीना. मग दुसरीचं लेकरू बंद झालं, मग तिसरीचं. नळावर मोठीमाय गेली की बाया बोलायच्या थांबत, हंडे घेऊन बाजूला सरकत. एका सकाळी तिच्या उंबऱ्यावर हळदकुंकू लावलेलं लिंबू होतं. ती ज्या उंबऱ्यावर बसली होती, त्याच उंबऱ्यावर.

हे मला सगळं उशिरा कळलं, माझ्यासमोर कोणी बोलत नसे. ती एके दुपारी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मधली सुट्टी होती. आत ये म्हटलं तर येईना. पोरांकडे बघत म्हणाली, "मी काय करं वं त्यासनं?"

मी फाटकाबाहेर तिच्याजवळ गेले.

"तू सांग ना बठ्ठा गावले, खोटं शे म्हनी. तू बाई शे शाळानी. तुन्हं आयकतीन."

त्याच दिवशी मी भावाला तो पिक्चर काढून टाकायला लावला. तो रडकुंडीला आला, पण काढला. उपयोग झाला नाही. त्याचे तुकडे लोकांनी आधीच कापून घेतले होते. कोणी फक्त वेणी घालतानाचा तुकडा घेतला, वर भयाण संगीत घातलं. आमचं नावही त्यात नव्हतं, नुसती मोठीमाय आणि बाहुली. मी एकेका तुकड्याखाली तक्रार नोंदवू लागले. स्वयंपाक करता करता, गाडीत, वर्गात मुलं शुद्धलेखन लिहीत असताना. एक निघाला की दुसऱ्या दिवशी दोन दिसायचे. माझं अन्नावरचं मन उडालं. मुलं पाढे म्हणायची आणि मला ऐकू यायचं नाही.

पोलिसांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हा पिक्चर मुळात कोणी काढला?"

"आम्हीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग बाई, तक्रार कोणाविरुद्ध लिहू? तुमच्या?"

"लिहा," मी म्हटलं. मी खरंच म्हणत होते.

त्यांनी लिहिली नाही. दोन दिवस एक हवालदार पाठवला. तो होता तोवर पोरं आली नाहीत.

मग मला वाटलं, लोकांना समोर दाखवलं तर पटेल. सरपंचांना विचारून ग्रामपंचायतीसमोरच्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. बरेच जण आले. मोठीमायला मी पुढे खुर्चीवर बसवलं. पाण्यात बुडवलेली दुसरी बाहुली वाळवून आणली होती. तंगूस कसा बांधतात ते दाखवलं, बाहुलीला चालवून दाखवलं, तिच्या आवाजात बोलले. पोरं टाळ्या वाजवू लागली. मग मी कात्रीने तिचं डोकं मधोमध कापलं आणि आतला कागद काढला. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे, त्यावर अर्धवट छापलेली अक्षरं. एका म्हाताऱ्याने तुकडा हातात घेऊन वाचायचा प्रयत्न केला. लोक हसले. मला कित्येक दिवसांनी मोकळा श्वास आला.

तेव्हा गर्दीतून ती शेजारची बाई, जिची नात आजारी पडली होती, म्हणाली, "ही तं दुसरी शे. पहिली कोठे शे?"

हसणं थांबलं. सगळे मोठीमायकडे बघू लागले.

मी काय करायला हवं होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पहिलीही अशीच लगद्याची आहे, एवढं म्हणून घरी जायला सांगायला हवं होतं. पण माझ्या हातात कात्री होती आणि हे आत्ता, आजच संपलं पाहिजे एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, "चला."

मी पुढे, माझ्यामागे मोठीमाय, तिच्यामागे निम्मं गाव. घरात शिरून मी फळीवरची बाहुली उचलली. मोठीमायने तिला नवं झबलं शिवलं होतं, स्वतःच्या लुगड्याच्या काठाचं. केसांच्या दोन घट्ट वेण्या. ती माझ्या मनगटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. अंगणात कडुनिंबाखाली सगळ्यांसमोर त्या बाहुलीचं डोकं कापलं. कागद निघाला. बटणं मातीत पडली. "देखा," मी ओरडत होते, "देखा, कागद शे, कागद." माझा आवाज फाटला होता.

लोक एकेक करून पांगले. मोठीमाय खाली वाकून कागदाचे तुकडे, बटणं, वेण्या सगळं पदरात गोळा करत होती. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "तू जाय आते."

चार दिवसांनी नळावरचं बोलणं माझ्या कानावर आलं. बाहुली फाडली म्हणून आता तिच्यातलं ते मोकळं झालं, असं बाया म्हणत होत्या.

त्या महिन्यात मोठीमायच्या भावाचा मुलगा सुरतेहून आला आणि तिला घेऊन गेला. घराला कुलूप. नंदुरबार स्टेशनवर मी निरोपाला गेले होते. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर कपड्यांचं गाठोडं. मी खिडकीच्या गजावर हात ठेवला. गाडी सुटेपर्यंत तिने माझ्या हाताला हात लावला नाही, तो बाजूलाही केला नाही.

भावाला मी म्हटलं, हे बंद कर. त्याने काही दिवस काहीच काढलं नाही. मग चौथ्या भागासाठी बाहुली मागायला आला. मी नाही म्हटलं. त्याने ऑनलाइन मागवली, पांढऱ्या तोंडाची, निळ्या डोळ्यांची. म्हणाला, "ताई, याच्यात गाव नाही, कोणी बाई नाही, काहीच नाही." मी त्याच्याशी सहा महिने बोलले नाही. आता बोलते. त्याचाही दोष माझ्याएवढाच आहे, जास्त नाही.

कुलूपबंद घरासमोर पोरं अजून येतात. शाळा सुटल्यावर मी तिकडून जाते. कोणी दिसलं की थांबून सांगते, हे सगळं खोटं आहे, मीच लिहिलं होतं. परवा एकाने मोबाईल माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "म्याडम, परत एकदा बोला, आवाज नीट आला नाही." मी बोलले. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या मोबाईलवर आलं. वर लिहिलं होतं, 'बाहुलीच्या घराचं रहस्य, गावच्या बाईंनी सांगितलं.' माझं बोलणं मधेच कापलेलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला गेले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, जिन्यात साड्यांचे गठ्ठे. मोठीमाय चार-पाच बायांबरोबर खाली बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होती. मला बघून उठली, चहा केला, घरच्यांची विचारपूस केली. यंदा मिरची कशी आली, नळाला पाणी किती वेळ येतं, शेजारची नात शाळेत जाते का. ते विचारताना तिचा आवाज जराही बदलला नाही.

माफी हा शब्द मराठीत फार कोरडा वाटतो, आणि अहिराणीत आमच्या घरात तो मी कधी ऐकलाच नाही. शेवटी मी तिच्या पायाला हात लावला. तिने मला उठवलं, डोक्यावरून हात फिरवला.

जिन्यापर्यंत सोडायला आली. तिथे थांबून म्हणाली, "आते येऊ नको बाई. तू उनी का माले गाव याद येस."

मी हो म्हटलं आणि खाली उतरले. रस्त्यावर आल्यावर वर पाहिलं. कोणी दिसलं नाही, ती आत जाऊन कामाला बसली असणार.