दगूबाईच्या झोपाळ्याचा नियम

तापीकाठच्या आमच्या गावात दगूबाई माझी शेजारीण. मुलं सुरतला. ओट्यावर मोठा झोपाळा, पण बोलायला कुणी नाही. यंदा मयूरी अकरावीसाठी समोर मामाकडे राहायला आली. पोरगी कुणाशी बोलेना. दगूबाईने तिला झोपाळ्यावर बसवलं आणि नियम सांगितला, “जी गप बशी, ती झोका देई.”

मग दगूबाई बोलत राहिली आणि मयूरी पायाने रेटे देत राहिली. मी जन्मभर हमाली केली, कामचुकारपणा लगेच ओळखतो. पोरीने एक रेटा चुकवला नाही. तरी ती गेल्यावर दगूबाईने मला घाबरत विचारलं, “उद्या येई का ती?”

मयूरी आली आणि बसताच ओरडली, “आजी, मन्हा पाय दुखी ऱ्हायनात!”

“मंग बोल ना, बेटा! मी देस झोका.”

मयूरीने मामीची बेचव भाजी, वर्गातल्या पोरी, आईची आठवण, सगळं सांगून टाकलं. म्हातारीने पदर खोचून असे रेटे दिले की झोपाळा आढ्याला लागतो की काय! दोघी किंचाळत हसत होत्या.

काल मी कड्यांना तेल घालायला गेलो. झोपाळा जागचा हलत नव्हता. दोघी एकदमच बोलत होत्या. मी तेल तसंच परत आणलं.